आजीच्या पेटीतून आजीचे चरित्र : हातकामात रमणाऱ्या आजीची आठवण कशी नोंदवावी आणि कशी जपावी

आमची आजी गेल्यावर तिच्या वर्षश्राद्धाला घरातल्यांना वाटण्यासाठी एक छोटी पुस्तिका काढायचे ठरले आणि तिच्याविषयी दोन पाने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती एका रात्रीत लिहिली. आजी प्रेमळ होती, कष्टाळू होती, सर्वांचे हौसेने करीत होती, तिच्या हाताला चव होती, असे सगळे त्यात होते. आत्याने ती पाने वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "यात आई कुठे आहे?" मग ती आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी पेटीतून क्रोशाचा एक रुमाल घेऊन आली. तो दुधाच्या पातेल्यावर झाकण्याचा होता. कडेला वजनासाठी अठरा मणी ओवलेले होते, सतरा पांढरे आणि एक हिरवा. "हा एकच मणी हिरवा का, ते लिही," असे ती म्हणाली. मला ते ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही आजीच्या वस्तूंची नोंद केली, माणसांना विचारले, काही गोष्टी जपल्या आणि एक-दोन माझ्या हातून बिघडल्याही. 'प्रेमळ' आणि 'कष्टाळू' ही विशेषणे कोणाच्याही आजीला लागू पडतात, परंतु तिचा टाका फक्त तिचाच असतो. म्हणून भरतकाम, विणकाम, शिवणकाम करणाऱ्या आजीचे आयुष्य लिहायला बसताना सुरुवात तिच्या वस्तूंपासून करावी, असे मी आता आग्रहाने सांगतो. ज्यांच्या घरी अशी पेटी अजून उघडलेली नाही, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून आलेली ही पद्धत आहे.

पहिले काही दिवस : काहीही टाकू नये

सर्वांत मोठे नुकसान पहिल्या तेरा दिवसांतच होते. घर माणसांनी भरलेले असते, कपडे दान द्यायचे असतात आणि कोणीतरी कर्तबगार नातेवाईक 'पसारा आवरायला' घेतो. साड्या कोणाला द्यायच्या याचा निर्णय कुटुंबाने आपल्या रिवाजाप्रमाणे जरूर करावा. मात्र शिवणाच्या पेटीला, बिस्किटांच्या डब्याला आणि कपाटाच्या तळाशी असलेल्या गाठोड्यांना त्या दिवसांत हात लावू नये. ती सर्व सामग्री एका जागी ठेवावी आणि तिची जबाबदारी एकाच व्यक्तीवर सोपवावी.

कचरा वाटणाऱ्या वस्तूच पुढे अधिक बोलतात. आमच्या पेटीत अर्धवट संपलेल्या रेशीमदोऱ्याच्या लच्छ्या, पुठ्ठ्यावर गुंडाळलेले उसवलेल्या स्वेटरचे कुरळे लोकरीचे धागे, वर्तमानपत्रातून कापलेला झबल्याचा खाका आणि सुईने भोके पाडलेले पातळ कागदांचे छापे निघाले. त्या छाप्यांवर निळसर डाग होते. कागद कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवली की नक्षी कापडावर उमटते. आजीने ती वर्षानुवर्षे तशीच उमटवली होती. एका छाप्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यातली भोके इतकी झिजून एकमेकांत मिसळली होती की तो मोर तिने किती उशांवर आणि किती पडद्यांवर काढला असेल, याचा अंदाज बांधणे कठीण होते. आवरणाऱ्या कोणीही तो कागद प्रथम फेकला असता.

पेटी रिकामी करण्यापूर्वी ती आहे तशी, वरून आणि प्रत्येक थर काढताना, छायाचित्रात टिपावी, कारण कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती हीदेखील माहिती असते. एकच गोष्ट मात्र ताबडतोब करावी : कापडात टोचलेल्या सुया, टाचण्या आणि पिना काढून घ्याव्यात. दमट हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग जुन्या कापडावरून सहसा जात नाही. ज्या कामात सुई अर्ध्यावर अडकलेली असेल, तिथे आधी तिचे छायाचित्र घ्यावे, मग सुई काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी.

वस्तूंची वही

एक जाड, बांधीव वही घ्यावी. संगणकावरची यादी नंतर करता येते. पण आत्या, काकू, मामी यांच्यासमोर वही उघडली की त्या बोलतात आणि संगणक उघडला की गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. त्यापुढे वस्तूचे घरातले नाव लिहावे, म्हणजे 'आच्छादन' न लिहिता 'रेडिओवरचा रुमाल' असे लिहावे, कारण रेडिओ गेला तरी रुमालाचे नाव तेच राहिलेले असते. मग लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, कापड आणि दोरा, ओळखता आले तर टाक्यांचे प्रकार (धावदोरा, साखळी, गहू टाका, काश्मिरी टाका, गाठीचा टाका, मॅटीवरची फुली), कोणासाठी केले, कोठे वापरले आणि ही माहिती कोणी दिली, एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. शेवटची नोंद गाळू नये. दोन बहिणींच्या आठवणी जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही लिहून ठेवता येतात आणि भांडण टळते.

वस्तूचा क्रमांक कापडावर शाईने लिहू नये आणि चिकटपट्टीही लावू नये. सुती नाडीच्या तुकड्यावर मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहून तो एक-दोन सैल टाक्यांनी कोपऱ्याला अडकवावा.

छायाचित्रे खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावीत. उजेड एका बाजूने तिरका आला की टाक्याचा उठाव दिसतो. फ्लॅशने तो सपाट होतो. शेजारी मोजपट्टी ठेवावी. प्रत्येक वस्तूचे सुलट बाजूचे एक आणि उलट बाजूचे एक, अशी निदान दोन छायाचित्रे हवीत.

उलट बाजूविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. सुलट बाजू पाहुण्यांसाठी असते. उलट बाजूला काम करणारा माणूस दिसतो. दोरा कोठे सुरू झाला, गाठ मारली की शेपूट आधीच्या टाक्यांखाली दडवले, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना दोरा वाचवण्यासाठी कोणती वाट धरली, हे सगळे तिथे उघडे पडते. आमच्या आजीच्या सर्व कामांत उलट बाजूला एकही गाठ नाही. पण तिच्या लग्नात रुखवतावर मांडलेल्या उशीच्या अभ्र्याच्या मागे गाठीच गाठी आहेत, आणि त्याही अर्ध्या भागातच. अर्धा अभ्रा तिच्या थोरल्या बहिणीने भरला होता, हे त्या गाठींमुळे साठ वर्षांनी उघडकीस आले. गोधड्यांतही असेच आहे. जुन्या गोधडीत एका इंचात सहा-सात टाके बसलेले आहेत; मोतीबिंदूच्या दिवसांत शिवलेल्या शेवटच्या गोधडीत तीनच बसतात आणि ओळी मधेच नदीसारख्या वळतात. शस्त्रक्रियेची तारीख दवाखान्याच्या कागदावर मिळाली नसती, तरी त्या गोधडीवरून वर्ष सांगता आले असते.

वस्तूचे वय कसे काढावे

आजीच्या पिढीने कामावर सहसा तारीख घातलेली नसते. तरीही लच्छीचा कागदी पट्टा, सुयांचे पाकीट, मासिकाचे कात्रण, दुकानाची पिशवी यांवरून काळ बऱ्यापैकी ठरवता येतो.

किंमत आण्यांत छापलेली असेल, तर वस्तू बहुधा १९५७ पूर्वीची आहे, कारण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असे शब्द असतील, तर ती १९५७ ते १९६४ या काळातली. दुकानाच्या पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल, तर ती पिशवी १ मे १९६० पूर्वी छापलेली असावी. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. मात्र 'पुणे २' असा जुना पत्ता दिसला म्हणून ती वस्तू आधीचीच आहे असे धरून चालू नये, कारण दुकानदार जुना मजकूर वर्षानुवर्षे छापत राहतात. वर्तमानपत्रातून कापलेल्या खाक्यावर तारखेचा भाग नसला, तरी चित्रपटाची जाहिरात किंवा निवडणुकीची बातमी हमखास सापडते. शिवणयंत्र 'सिंगर'चे असेल, तर त्याच्या बैठकीवरचा अनुक्रमांक पाहावा. कंपनीच्या याद्यांवरून यंत्राचे वर्ष कळते. आपले यंत्र आजीच्या लग्नात आले असे घरात सर्वजण सांगत असतात आणि ते तिच्याही जन्माआधीचे निघते, असे होऊ शकते. मग ते मूळचे कोणाचे, हा एक नवा आणि चांगला प्रश्न मिळतो.

वेष्टनावरून कळते ते वेष्टनाचे वय, हे ध्यानात ठेवावे. दोरा घेऊन वीस वर्षांनी वापरणाऱ्या आज्या आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून वहीत 'या वर्षानंतरचे' असे लिहावे. 'या वर्षीचे' असे ठामपणे लिहू नये.

माणसांना विचारणे

"आजी कशी होती?" असा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर 'प्रेमळ' हेच येते. समोरच्या व्यक्तीच्या हातात वस्तू द्यावी आणि लहान, नेमके प्रश्न विचारावेत. हे करताना ती कोठे बसायची? उजेड कोणत्या बाजूने यायचा? तिला हे कोणी शिकवले? दोरा कोठून आणायची आणि पैसे कोणाकडून घ्यायची? चुकले की काय म्हणायची? काम हातात असताना कोणी हाक मारली तर उठायची का? मोठ्या काकूने या शेवटच्या प्रश्नावर हसून सांगितले की आजी फक्त दूध उतू जाण्याच्या वेळी उठायची, बाकी कोणाच्याही हाकेला 'ओळ संपू दे' हेच उत्तर असायचे.

पैशांचा प्रश्न संकोच न करता विचारावा. घराघरांतून आजीच्या शिवणकामाला 'आवड' म्हणण्याची पद्धत आहे. आमच्याकडेही तसेच होते. पण पेटीच्या तळाशी सापडलेल्या वहीत शेजारणींच्या ब्लाउजांची मापे, पुढे दीड-दीड रुपयाचा हिशेब आणि त्याच पानावर काकांच्या शाळेच्या फीची रक्कम होती. तिला हौस होतीच, परंतु त्या हौसेवर तीन मुलांच्या फिया भरल्या गेल्या, हेही लिहायलाच हवे होते.

हिरव्या मण्याचे उत्तरही असेच मिळाले. मी तो रुमाल काकूच्या हातात दिला तेव्हा पलीकडे बसलेले काका ओशाळले. ते दोन वर्षांचे असताना त्यांनी एक पांढरा मणी गिळला होता. आजीने मोजून अठराच मणी आणले होते, एका मण्यासाठी पुन्हा बाजारात जाणे तिला परवडणारे नव्हते आणि जवळ मोडक्या तोरणातला एक हिरवा मणी होता. पुढे पांढरा मणी मिळूनही तिने तो बदलला नाही. काका जेवायला नको म्हणाले की ती रुमालाकडे बोट दाखवून "याचे पोट मण्यांनी भरते" असे म्हणायची. ही हकिकत घरातल्या दोन माणसांना ठाऊक होती आणि दोघांनाही ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी आधी विचारावे आणि फोन टेबलावर कापडावर ठेवावा, म्हणजे खडखड येत नाही. घरात आजीचा आवाज असलेली एखादी कॅसेट असेल, तर तिचे रूपांतर करण्यात चालढकल करू नये. फीत वर्षागणिक खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत.

आजीच्या हातकामाचा मोठा भाग मात्र पेटीत सापडत नाही, कारण तो वापरून संपून गेलेला असतो. वाती जळतात, कापसाची वस्त्रे निर्माल्यात जातात, रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते, गौरीपुढची आरास तीन दिवसांत उतरते. अशा कामांची आठवण फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी हातात उरते. म्हणून आजीकडून शिकलेली जी कोणी स्त्री हयात असेल, तिला ते काम करायला बसवून त्याचे चलच्चित्र घ्यावे. फोन समोरून धरू नये. करणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावरून, तिच्याच बाजूने धरावा, म्हणजे पाहणाऱ्याला ते हात आपलेच असल्यासारखे दिसतात आणि पुढे कोणाला शिकायचे झाल्यास उजवे-डावे उलट होत नाही. आत्या फुलवात वळताना कापसाची पाकळी पसरते, मध्यावर दोन बोटांनी चिमटीत धरते, राखेत बोट बुडवते आणि टोक पिळते. दुधाचे बोट लावण्याची पद्धतही पुष्कळ घरांत आहे. आमच्याकडे राख होती, आणि ती का, हे विचारल्यावर आत्या म्हणाली, "दूध चहाला लागायचे."

धुणे आणि ठेवणे

या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. आजीचा लाल फुलांचा टेबलक्लॉथ मळलेला दिसला म्हणून मी तो कोमट पाण्यात, नेहमीच्या पावडरीत भिजवून ठेवला. अर्ध्या तासात लाल रंग फुलांतून निघून पांढऱ्या कापडावर पसरला. तो गुलाबी ढग अजून तसाच आहे.

जुने भरतकाम धुण्यापूर्वी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यावी. उलट बाजूला, न दिसणाऱ्या जागी ओला पांढरा कापूस काही वेळ दाबून धरावा. कापसाला रंग लागला, तर ती वस्तू पाण्यात घालू नये. मऊ ब्रशने धूळ झटकून तशीच ठेवावी. लाल, मरून आणि काळा या रंगांबाबत विशेष सावध राहावे. रंग पक्का असेल, तर थंड पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी वापरून, न चोळता, केवळ दाबून धुवावे. पिळू नये. स्वच्छ पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. लोकरीचे किंवा क्रोशाचे काम दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने ओघळते आणि त्याचा आकार परत येत नाही.

लोकर खरी आहे की कॅशमिलॉनसारखी कृत्रिम, हे ठरवण्यासाठी सुट्या धाग्याचे टोक चिमट्यात धरून पेटवावे. खरी लोकर जळलेल्या केसांसारखी वास देते आणि तिची राख बोटांत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून तिची काळजी अधिक. कसरीची शंका आल्यास साधी विणलेली वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.

एवढा अपवाद सोडला तर कापड प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये. ओल आत कोंडते. आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर अनेकदा धुतलेले, खळ नसलेले पांढरे सुती कापड चालते. आमच्याकडे आजोबांचे जुने धोतर कामी आले, आणि ते आजीला आवडले असते असे आत्याचे मत पडले. भरतकाम घडी घालण्याऐवजी कापड गुंडाळलेल्या जाड नळीवर, भरलेली बाजू बाहेर ठेवून, गुंडाळावे. घडी अपरिहार्य असेल, तर घड्यांमध्ये कापडाच्या वळकट्या द्याव्यात आणि घडीची जागा दर काही महिन्यांनी बदलावी. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. मला स्वतःला वेखंडाची पुरचुंडी बरी वाटते. तिचा वास आजीच्या कपाटाचा आहे.

छायाचित्रांविषयी थोडक्यात : चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले जुने फोटो ओढून काढू नयेत, मागून बारीक दोरा सरकवून अलगद सोडवावेत, मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला.

अर्धवट राहिलेले काम

प्रत्येक पेटीत एखादे अपुरे काम असतेच आणि ते पूर्ण करावे की नाही यावर कुटुंबात दोन तट पडतात. माझे मत असे की ते काम ज्याच्यासाठी होते, तो माणूस वापरणार असेल तर ते पूर्ण करावे. शोभेचे असेल तर तसेच ठेवावे. आजीने पणतीसाठी विणायला घेतलेली टोपी सुयांवर अर्धी होती. आतेबहिणीने ती पूर्ण केली, मात्र आजीचा एकही टाका उसवला नाही आणि स्वतःचे काम जिथे सुरू झाले तिथे एक ओळ फिक्या पिवळ्या लोकरीची घातली. ज्या घरांत असे काम पुढे न्यायचे असेल, त्यांनी ही खूण अवश्य ठेवावी, कारण वीस वर्षांनी दोन हात वेगळे ओळखता येणार नाहीत. सुयांवरचे काम काही काळ तसेच ठेवायचे असेल, तर धातूच्या सुया काढून टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून घ्यावेत.

तिच्या साड्यांचे दुपटे

आजीने शिवलेली गोधडी वाटणीसाठी कापू नये. आमच्या घरात तशी सूचना आली होती आणि ती आत्याने एका नजरेत फेटाळली. त्याऐवजी तिच्या वापरातल्या मऊ सुती साड्यांची नवी दुपटी शिवावीत. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते आणि तिचा पन्हा ११० सेंटीमीटरच्या आसपास असतो. तिचे पाच चौरस तुकडे निघतात. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर, म्हणजे सात तुकडे निघून थोडे उरते. तीन थरांचे दुपटे तान्ह्या बाळासाठी पुरेसे जाड होते. वरच्या आणि खालच्या थराला चांगले तुकडे घ्यावेत. विरलेला भाग मधल्या थरात जातो.

खळ पूर्ण जाईपर्यंत कापड धुऊन घ्यावे. स्वच्छ फरशीवर तळाचा थर पसरून त्याच्या कोपऱ्यांवर वजने ठेवावीत, त्यावर बाकीचे थर एकेक करून हाताने सारखे करीत टाकावेत, आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र बांधावेत. हे काम घाईने केले तर पुढे कापड फुगते. मग कडा बोटाच्या पेराएवढ्या आत दुमडून धावदोरा सुरू करावा. कडेने चौकोनी फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकून पुढची फेरी, असे करीत मध्यापर्यंत जावे. कच्चे टाके शेवटी काढावेत. लांब सुई आणि जाड सुती दोरा घ्यावा. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की गुंततो.

काठ आणि पदर टाकू नयेत. पदराचा तुकडा दुपट्याच्या एका कोपऱ्यावर त्रिकोणी लावला, की ते दुपटे कोणत्या साडीचे हे पुढे सांगावे लागत नाही. आमची चार दुपटी झाली. त्यांतले एक न्यू जर्सीला चुलत भावाकडे गेले. तिथल्या डिसेंबरात ते अपुरे पडते असे त्याने कळवले, आणि तरीही बाळ त्याशिवाय झोपत नाही असेही कळवले.

चरित्र लिहिताना

एवढी सामग्री जमल्यावर लिहिणे अवघड राहत नाही. जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ जाण्याऐवजी सहा-सात वस्तू निवडाव्यात आणि त्या काळाच्या क्रमाने लावाव्यात. आमच्याकडे हा क्रम असा झाला : बहिणीच्या गाठींचा अभ्रा, हिरव्या मण्याचा रुमाल, ब्लाउजच्या हिशेबाची वही, मोराचा छापा, मोतीबिंदूची गोधडी, पिवळ्या ओळीची टोपी. प्रत्येक वस्तूचे एक पान, सोबत सुलट-उलट छायाचित्रे आणि ज्याने माहिती दिली त्याच्याच शब्दांतली एक-दोन वाक्ये. आजीच्या तोंडचे शब्द ती बोलायची तसेच ठेवावेत, ते शुद्ध करू नयेत. आजीचे दोषही येऊ द्यावेत. आमची आजी स्वतःचा नमुना शेजारणीला देताना त्यातली एक ओळ मुद्दाम गाळून सांगायची, हे काकूने पुराव्यानिशी दाखवून दिले आणि ते छापलेही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू पाहायला मिळतात. एका बापाने अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. पुस्तिकेचे काम अडले होते तेव्हा मी तिथे एक दुपार घालवली. घरच्या साध्या वस्तूंची मांडणी कशी करावी, हे तिथल्या कपाटांसमोर उभे राहून जितके कळते तितके वाचून कळत नाही.

वर्षातून एकदा

जपलेल्या वस्तू बंद पेटीत विसरल्या जातात, म्हणून त्या बाहेर काढण्याचा एक दिवस ठरवावा. पुण्यतिथीपेक्षा आम्हाला नवरात्रापूर्वीचा दिवस सोयीचा वाटला. या सुमारास आपल्याकडे 'दसरा काढण्याची', म्हणजे घरातल्या गोधड्या, अंथरुणे-पांघरुणे धुऊन वाळवण्याची चाल आहेच. पावसाळ्यातली ओल त्याच वेळी तपासली जाते. वापरातल्या गोधड्या धुतल्या जातात; आजीच्या कामांना मात्र फक्त सावलीतला वारा दाखवायचा, घड्या बदलायच्या, कसर आणि गंज पाहायचा आणि वहीच्या शेवटच्या पानांवर त्या वर्षाची स्थिती लिहायची. मुलांना हात धुऊन वस्तू हाताळू द्याव्यात.

गेल्या वर्षीच्या नोंदीत तीन ओळी आहेत. क्रमांक ४, टेबलक्लॉथ : डाग तसाच. क्रमांक ११, गोधडी : उजव्या कोपऱ्यातील टाके सहा बोटे उसवले, आतेबहिणीने पिवळ्या दोऱ्याने घातले. क्रमांक २, रुमाल : सतरा पांढरे, एक हिरवा, काकांनी मोजले.